काकांनी चादरीवरून निवडलेलं हॉस्पिटल

लाँड्रीवाल्या काकांना शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांची खडान्खडा माहिती होती, आणि त्यांपैकी एकाच्याही पुढच्या दाराने ते धंदा सुरू केल्यापासून कधी आत गेलेले नव्हते. त्यांचा संबंध मागच्या दाराशी. मागच्या दारातून मळक्या चादरींची गाठोडी उचलायची, टेम्पोत टाकायची, धुऊन-वाळवून-इस्त्री करून दुसऱ्या दिवशी त्याच दारात पोचवायची. एकवीस वर्षं हा उद्योग चाललेला.

आम्ही त्यांच्या दुकानाच्या बरोबर वर राहतो. त्यामुळे बाराही महिने आमच्या घराला साबणाचा वास असतो आणि खालून फुकटची वाफ मिळते. हॉस्पिटलच्या चादरींशिवाय काका गल्लीतल्या चार-दोन घरांचे कपडेही करत, ते केवळ करमणूक म्हणून. कारण कपडा हातात आला की काका तो नुसता बघत नसत, वाचत. "काल उभ्या उभ्या जेवलात वाटतं?" असं ते शर्टाच्या बटणपट्टीकडे बघून विचारत. एकदा माझ्या कोटाची बाही उलटी करून नाकाशी नेली आणि हळूच म्हणाले, "वहिनींना सिगरेट सोडली म्हणून सांगितलंय ना? मग कोट परवा न्या. आज नको." गल्लीतली टवाळ मंडळी त्यांना 'डागदर' म्हणायची. काकांना त्यात अपमान वाटत नसे. "माणूस खोटं बोलेल, कपडा बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते म्हणताना त्यांची छाती दोन इंच पुढे यायची.

अशा माणसाच्या घरात बाळंतपण आलं.

काकांना एकुलती एक लेक. नवरा शाळेत गणित शिकवणारा, शाळा लांबच्या गावी. तो दिवसभर बाहेर, म्हणून सातवा संपता संपता लेक आई-बाबांकडे राहायला आली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. या बाई फक्त तपासायच्या, बाळंतपणं करायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वार खाली आहे. म्हणजे कसं, बाळाला बाहेर यायचं ते दार, आणि दारातच कपाट आडवं ठेवल्यासारखं झालंय. कधी कधी आपोआप सरकतं. नाही सरकलं तर ऑपरेशन करून बाळ काढतात. पण मधेच कधी रक्त जायला लागलं, तर एक मिनिट घालवायचं नाही. कुठं नाव घालायचं ते आठवड्याभरात ठरवा, आणि नीट विचार करून ठरवा."

लेकीने हे शांतपणे ऐकून घेतलं. काकूंनीही घेतलं. काकांनी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला आणि पाणी मागितलं. रोज शंभर माणसांचं रक्त हाताने धुणारा माणूस 'रक्त' हा शब्द ऐकून पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाईंनी लेकीचं ब्लडप्रेशर घेतलं होतं, तो पट्टा गुंडाळून ठेवायच्या आधी काकांचंही घेतलं.

शनिवारी जावई आले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत सभा भरली. मी शर्ट न्यायला खाली गेलो होतो. अशा वेळी बाहेरच्या माणसाला बसवत नाही आणि उठवतही नाही, म्हणून मी इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभा राहिलो. लेक स्टुलावर पाय ठेवून खुर्चीत बसली होती. काकू उशांचे अभ्रे उलटे करत होत्या. काकांच्या हातात इस्त्री.

जावयांनी फोन पुढे केला. "मी सगळा अभ्यास केलाय. ते नवीन काचेचं हॉस्पिटल आहे ना, चौकातलं? साडेचार तारे आहेत त्याला."

"किती जणांनी दिलेत?" काकूंनी विचारलं.

"नऊशे."

"नऊशे जणी बाळंत झाल्या तिथं?"

"नाही आई, सगळ्याच नाही. काहींनी पार्किंगबद्दल लिहिलंय."

"मग गाडीला बाळ व्हायचं असेल तर नेऊ हो तिथं."

"जावईबापू," काका म्हणाले, "तिथल्या चादरी मी धुतो. धुतो कसल्या, नुसत्या ओल्या करतो आणि वाळवतो. घडीसुद्धा मोडलेली नसते. ज्या पलंगावर अजून कोणी झोपलंच नाही, तिथं माझी पोरगी पहिली झोपवू?"

जावयांनी फोन खिशात घातला.

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "पुलापलीकडचं मोठं हॉस्पिटल. हिला मी तिथंच जन्म दिला. तिथल्या नर्सबाया ओरडतात, अंगावर येतात, 'नाटकं पुरे' म्हणतात. पण हात सोडत नाहीत. मला एक ओरडली होती ना, नंतर तिच्याच गळ्यात पडून रडले मी."

"तिथं नाही." काका इतक्या जोरात म्हणाले की इस्त्रीखालच्या अभ्र्यातून फस्सकन वाफ आली.

"का नाही?"

"नाही म्हणालो ना."

"अहो, पण कारण?"

"कारण मी तिथली गाठोडी उचलतो. तू उचलत नाहीस."

मग त्यांनी आपला निकाल सांगितला. बागेसमोरचं प्रसूतिगृह. लहानसं, दुमजली, खाली तिथल्या डॉक्टरीणबाईंचं घर. तिथल्या चादरी पांढऱ्या, गुलाबी काठाच्या. "एकवीस वर्षांत तिथल्या गाठोड्याला कधी ओझं आलं नाही," काका म्हणाले. "आठवड्यातून एखादी चादर जरा रंगते, तेवढंच. बाकी दूध सांडलेलं, पावडर सांडलेली. बाळंतपण असावं तर असं."

"आले मोठे डागदर!" काकू म्हणाल्या. "चादरी बघून हॉस्पिटल ठरवणार! उद्या टॉवेल बघून शाळा ठरवाल नातवाची."

"ताऱ्यांपेक्षा बरं," काका म्हणाले.

"मला कोणी विचारणार आहे का?" खुर्चीतून लेकीचा आवाज आला.

"तुला काय विचारायचं? तू आराम कर," काका आणि जावई एकदमच म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर. सोमवारी बागेसमोरच्या प्रसूतिगृहात नाव घातलं गेलं.

नाव घातल्यावर माणूस निवांत होतो. काका उलट जास्तच धास्तावले. इस्त्री करता करता मधेच थांबायचे. लेक आत खोकली तरी आतल्या खोलीत जाऊन बघून यायचे. दोनदा त्यांनी माझ्या शर्टाची घडी शेजाऱ्यांच्या पिशवीत घातली, आणि घडीत त्यांची चूक होणं म्हणजे सूर्याने रजा घेण्यासारखं होतं. एका सकाळी मी मागच्या अंगणात गेलो तर ते सिमेंटच्या हौदाशी कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून बसले होते. रक्ताच्या चादरी आधी या हौदात, गार पाण्यात सोडायच्या. गरम पाणी लागलं की रक्त कापडात जाऊन बसतं, मग ते जन्मात निघत नाही. दुकानात कामाला दोन बायका होत्या, पण हौदाचं काम काकांनी त्यांना कधी दिलं नाही. काकूंना तर हौदाकडे फिरकूही दिलं नाही.

"दोन वर्षांपूर्वी," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुलापलीकडून एक गाठोडं आलं. उचलेना मला. सोडलं तर आत सात चादरी. सातही एकाच बाईच्या."

"एकाच कशावरून?"

"एकीत एक गुंडाळल्या होत्या. घाईत काढतात तशा. एक काढली की तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी." त्यांनी हौदातलं पाणी हलवलं. "दोन दिवस लागले मला त्या धुवायला."

"तिचं पुढं काय झालं?"

"ते चादरीवर कुठं लिहिलेलं असतं?"

मग मला त्या दिवशीच्या इस्त्रीच्या वाफेचा अर्थ लागला. या माणसाने दोन वर्षं एका अनोळखी बाईला मनात मरायला टेकवून ठेवलं होतं. ती मेली असंही त्याला म्हणवत नव्हतं आणि जगली असंही. आता त्याच पलंगावर त्याला आपली लेक दिसत होती. "कोणाला सांगू नका," काका म्हणाले. "पोरीला तर नकोच."

मी नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून मलाही खालून कोणी खोकलं तरी जिन्यात येऊन उभं राहायची सवय लागली.

पंधरा दिवसांनी दुसरी सोनोग्राफी झाली. कपाट जागचं हललं नव्हतं. आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, काका ओल्या हातांनी आमच्या दारात उभे. एकवीस वर्षांत ते कधी जिना चढून वर आले नव्हते.

"तुम्ही शिकलेले आहात. मला एक सांगा. एका हॉस्पिटलातली चादर दुसऱ्या हॉस्पिटलात जाते कशी?"

"चुकून जात असेल."

"मीही तेच समजत होतो." काका आत आले, खुर्चीवर बसले नाहीत. "पुलापलीकडच्या हिरव्या चादरींत महिन्या-दोन महिन्यांनी एखादी गुलाबी काठाची निघते. मला वाटायचं, तिकडचे लोक दुसऱ्याच्या चादरी ढापतात. मी आपला मनातल्या मनात त्यांना चार शिव्या द्यायचो, ती वेगळी धुवायचो आणि बागेसमोर नेऊन द्यायचो. तिथल्या बाई म्हणायच्या, 'काका, तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस नाही.' बरं वाटायचं मला."

"मग?"

"आज पुन्हा निघाली. हौदात सोडली आणि हातच थांबला. चुकून गेलेली चादर कोरी असते ना? ढापलेलीही कोरीच असते. ही चिंब होती. आजवरच्या सगळ्या चिंबच होत्या."

मला अजून उमगेना. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की शिक्षणावरचा त्यांचा विश्वास तिथंच उडाला असावा.

"ती कोणाच्या तरी अंगाखालून गेली हो," ते म्हणाले. "बाई गेली, तिच्या अंगाखालची चादर तिच्याबरोबर गेली."

तासाभराने आम्ही दोघं टेम्पोतून पूल ओलांडत होतो. खरं तर ओलांडत नव्हतो, पुलावर उभे होतो. पुढे एक ट्रक, त्याच्यापुढे बस, तिच्यापुढे काय ते दिसत नव्हतं. काका घड्याळाकडे बघत होते. एरवी या पुलावर ते डुलकी काढायचे म्हणे. आज त्यांचा पाय सारखा ब्रेक दाबत होता, टेम्पो थांबलेला असतानाही.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या दारात चादरींची खोली आहे. तिथल्या सिस्टरांना सगळे 'कुलूप सिस्टर' म्हणतात, कारण त्या टाचणीलाही कुलूप लावतात. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की बाई यायच्या आधी त्यांचा आवाज येतो. काकांनी गुलाबी काठाची ती चादर पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरली.

"ही आमची नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुमचीही नाही. मग तक्रार कसली?"

"तक्रार नाही, सिस्टर. ही इथं येते कशी, तेवढं सांगा."

"कशी म्हणजे? बाई घेऊन येते. बागेसमोरनं बाईला गाडीत घालतात तेव्हा खालच्या चादरीसकट उचलतात. चादर बदलायला वेळ असतो का तेव्हा?"

"का घालतात गाडीत?"

"अहो, तिथं रक्तपेढी नाही. भूल देणारे डॉक्टर घरून बोलवावे लागतात. सरळ बाळंतपण असेल तर तिथं छान होतं. माझ्या भाचीचं तिथंच झालं, मीच पाठवली होती. पण जरा वाकडं गेलं की इकडं पाठवतात. त्यांचीच कशाला, सगळ्या शहराची वाकडी आमच्याकडेच येतात. म्हणून तर तुमच्या टेम्पोचे टायर बसतात."

काकांनी विचारलं, "किती वेळ लागतो तिकडून इकडं यायला?"

"पूल मोकळा असेल तर वीस मिनिटं. नसेल तर पाऊण तास." सिस्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "काका, घरात कोणी आहे का?"

काकांनी चादर पिशवीत परत घातली. त्यांनी दोन वर्षांपूर्वीचं ते गाठोडं विचारलं. सात चादरी, एकीत एक.

किल्ल्यांचा आवाज थांबला. "आठवतंय. तीही तिकडूनच आली होती."

"वाचली?"

"वाचली म्हणून तर सात लागल्या. नसती वाचली, तर दोनात भागलं असतं."

काका मागे होऊन एका गाठोड्यावर बसले.

"पोराला घेऊन लस टोचायला येते की अधूनमधून," सिस्टर सांगत होत्या. "मागच्या वेळी माझ्याशीच भांडली, रांग मोडली म्हणून. घसा बघा काय आहे तिचा! चांगली ठणठणीत आहे." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "सगळ्याच वाचतात असं नाही हां. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

परतीच्या वाटेवर काका फक्त एकदा बोलले. "म्हणजे मी एकवीस वर्षं उलटं वाचत होतो." मी काहीतरी धीर द्यायला तोंड उघडलं, पण पुन्हा पूल आला आणि पुन्हा ट्रक उभा होता.

दुपारी सभा भरली ती जेवणाच्या टेबलाशी. जावई फोनवर होते. काकांनी सगळं सांगितलं. हौद, सात चादरी, गुलाबी काठ, काही लपवलं नाही. काकू ऐकता ऐकता उठल्या, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसल्या. "दोन वर्षं एकटेच धूत बसलात होय?" एवढंच म्हणाल्या. 'डागदर' म्हणायची संधी चालून आली होती, पण त्यांनी ती सोडून दिली.

"पण आता नाव बदलायचं?" फोनमधून जावई म्हणाले. "पस्तिसावा आठवडा लागेल आता. त्या बाई काय म्हणतील? आणि बाबा, तुम्हीच तर म्हणत होतात की—"

"तेव्हा मी चुकलो, जावईबापू. आता बरोबर आहे की पुन्हा चुकतोय, तेही मला कळत नाहीये." काकांनी फोन जवळ ओढला. "तुम्ही गणितातले. तुम्ही सांगा."

फोनमधून शाळेची घंटा ऐकू आली.

"पाऊण तास म्हणाल्या ना त्या?" लेकीने विचारलं. सगळे तिच्याकडे वळले. या सगळ्या निवडीत तिला पहिल्यांदाच कोणी पूर्ण वाक्य बोलू देत होतं. "गाडीत झोपून, पुलावर?"

"हो."

"मग तो पाऊण तास मला नको. बाकी तारे, चादरी, तुम्ही बघत बसा. मी पुलाच्या पलीकडेच राहते."

विषय संपला.

काका आणि मी बागेसमोर नाव काढायला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या बाई, रागावल्या नाहीत. "वार सरकली नाही हे मला कालच कळलं," त्या म्हणाल्या. "मी तिला पुढं पाठवणारच होते."

"केव्हा?"

"वेळ आली की."

काकांनी त्यांना नमस्कार केला.

मोठ्या हॉस्पिटलने लेकीला घरी जाऊच दिलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, "बाळंतपण होईपर्यंत इथंच." बारा पलंगांचा वॉर्ड. हिरव्या चादरी, कुरकुरणारे पंखे, एका बाजूला नवी बाळं रडतायत, दुसऱ्या बाजूला नर्स कोणाला तरी झापतेय, "पलंगाखाली केळ्याची सालं कोणी टाकली?" काकूंनी डोळे मिटून ते झापणं ऐकलं. "ओरडतायत," त्या समाधानाने म्हणाल्या. "बरं वाटलं."

काका रोज दोनदा येत. सकाळी चादरी घेऊन मागच्या दाराने, संध्याकाळी भेटीच्या वेळेला पुढच्या. आले की लेकीशी इकडचं तिकडचं बोलत आणि बोलता बोलता पांघरुणाचं टोक हळूच उचलून खालची चादर बघत. डाव्या बाजूने बघून झालं की काहीतरी निमित्त काढून उजव्या बाजूला जात. चौथ्या दिवशी लेकीने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, चादर नका बघू. माझ्याकडे बघा."

काकांनी बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं असावं. लेकीचे ओठ सुकले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मला खूप भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलाही, चिमे."

"दिसतंय. म्हणून तर मला कोणाला सांगता येईना."

काका पलंगाच्या कडेला बसले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्स दोनदा ओरडली आणि तिसऱ्यांदा ओरडायला आली ती काही न बोलताच परत गेली.

मंगळवारी सकाळी अकराला काका मागच्या दारात गाठोडी मोजून घेत होते. वर वॉर्डात लेक चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला आणि आईला म्हणाली, "आई, काहीतरी गरम लागतंय." काकूंनी पांघरूण काढलं आणि किंचाळल्या. त्या सांगतात, पुढचं सगळं आपल्याला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. नर्स ओरडली, पण या वेळी वेगळ्या आवाजात, नाव घेऊन. चौघी धावत आल्या. पलंगाची चाकं सुटली. कोणीतरी कप लाथेने बाजूला केला. काकू पलंगाबरोबर धावल्या, आणि एक दार त्यांच्या तोंडावर बंद झालं.

काका वर आले तेव्हा जिथं लेकीचा पलंग होता तिथं नुसती फरशी होती. शेजारच्या बाईने हाताने दिशा दाखवली.

काकूंनी मला फोन केला, मी जावयांना केला आणि टॅक्सी करून निघालो. माझ्या नशिबाने पूल मोकळा होता. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर दोघं बसली होती. काकूंच्या एका पायात चप्पल नव्हती. काका भिंतीकडे बघत होते. एक माणूस रक्ताची पिशवी छातीशी धरून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला आणि आत गेला. दहा मिनिटांनी दुसरी पिशवी घेऊन पुन्हा आला. ही दोघं उठून उभी राहिली, बसली, पुन्हा उठली. तो जाताना काकूंना म्हणाला, "खालीच आहे आमचं, लगेच आणतो." जणू काकूंनी त्याला साखर आणायला पाठवलं होतं.

मग आतून एक मावशी कपड्यांची ट्रॉली ढकलत आली. वर कापड झाकलेलं.

"बघू नका," काकूंनी नवऱ्याचे डोळे आपल्या हाताने झाकले.

"नाही बघत," काका म्हणाले. ट्रॉली समोरून गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिची चाकं वाजत होती. डोळ्यांवर हात असतानाच काका म्हणाले, "भरलेली आहे गं. मला आवाजावरनं कळतं."

काकूंनी हात काढला नाही. मला वाटतं, तो हात आता दोघांनाही लागत होता.

पावणेबाराला दार उघडलं आणि एक नर्स अर्धी बाहेर आली. काहीतरी म्हणाली, आत गेली. कोणालाच नीट ऐकू आलं नाही. आमचे कान 'थांबलं' या एकाच शब्दासाठी उघडे होते आणि तो त्यात नव्हता. बाळ आलं, दोन किलो भरलं, काचेच्या पेटीत ठेवलंय, एवढं कळलं. काका दाराला चिकटून म्हणाले, "आणि माझी?" दार बंद झालं होतं.

सव्वाबाराला डॉक्टर आले. टोपी काढून कपाळ पुसलं. "रक्त थांबलंय. बरंच गेलं होतं. अजून चोवीस तास बघायचं, आत्ताच काही बोलत नाही. पण थांबलंय."

"दुसऱ्या हॉस्पिटलातून आली असती तर?" काकांनी विचारलं.

"आली नाही ना," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

लेकीला बाहेर आणलं तेव्हा ती शुद्धीत होती, पण दात थडथड वाजत होते. ऑपरेशननंतर अशी हुडहुडी भरते, घाबरायचं नसतं, असं नर्सने सांगितलं. ते सांगून काही उपयोग नव्हता. "बाबा, गार वाजतंय," ती म्हणाली. काका जिना उतरून कुलूप सिस्टरांच्या खोलीत गेले आणि दोन मिनिटांत तीन ब्लँकेटं घेऊन वर आले. मागून किल्ल्यांचा आवाज धावत येत होता, "अहो काका, सही तर करा!" त्या बाईने जन्मात पहिल्यांदा सहीविना कपाट उघडलं होतं.

एक ब्लँकेट अंगावर, एक खांद्यांवर, तिसऱ्यात दोन्ही पाय गुंडाळले. मग काका पायथ्याशी स्टूल ओढून बसले आणि ब्लँकेटात हात घालून तिचे तळवे चोळू लागले. ब्लीचने आणि सोड्याने फाटलेले त्यांचे हात. मशीन चालवावं तसे एका लयीत फिरत होते.

"काका, बाळ बघून या की," नर्स म्हणाली. "पेटी तिसऱ्या खोलीत आहे."

"पाय गार आहेत अजून."

दुपारी जावई पोचले. हाताला खडू, शर्टाच्या एका बाहीला फळ्याची धूळ. वर्ग तसाच सोडून निघाले होते. बायकोच्या कपाळावर हात ठेवला, तिने डोळे उघडले, मिटले. मग हळूच सासूबाईंना विचारलं, "मुलगा की मुलगी?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे. मी नर्सकडे.

"मुलगी!" नर्स ओरडली. "दार उघडून सांगितलं तुम्हाला, मग जिन्यात सांगितलं, मग इथं सांगितलं! तिघंही मान हलवत होतात! कुठं होतात तुम्ही सगळे?"

काकू तोंडाला पदर लावून रडल्या की हसल्या, ते कळलं नाही. त्या जावयांना घेऊन तिसऱ्या खोलीकडे गेल्या, एकाच चपलेने.

"तुम्हीही जा," नर्स काकांना म्हणाली. "मी आहे इथं."

काका जागचे हलले नाहीत. नर्सने नाडी बघितली, रक्ताच्या पिशवीची नळी तपासली आणि पायथ्याला अडकवलेल्या कागदावर काहीतरी लिहू लागली.

"डावा गरम झालाय," काका तिला म्हणाले. "लिहा."

एरवी तिने यावर काय झापलं असतं ते मला आता माहीत होतं. तिने पेन थांबवलं. "आणि उजवा?"

"उजवा अजून नाही," काका म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले.